हिवाळ्यात कुठे बसणार?

ऑक्टोबर आला की आमच्या घरात एकच प्रश्न असायचा: हिवाळ्यात कुठे बसायचं? इतर घरांत या दिवसांत चकलीची भाजणी, मुलांचे कपडे, रंगाऱ्याचा भाव असे विषय असतात. ते आमच्याकडेही होते आणि मी ते उरकतही होते. पण नवरा जॉकी होता आणि पुण्याच्या रेसेस पावसाळ्यातल्या. पाऊस संपला की घोडे ट्रकमध्ये चढून मुंबईला जातात आणि इथलं मैदान ओस पडतं. ज्या जॉकीचं नाव आहे त्याला मुंबईहून, कलकत्त्याहून, बंगलोरहून निरोप येऊ लागतात. त्यातल्या एकाला हो म्हटलं की बाकीची दारं उन्हाळ्यापर्यंत बंद.

शनिवार पेठेतल्या माझ्या माहेरी हे कुणाला समजावून सांगण्यात अर्थ नव्हता. पाहुण्या बायका आईला विचारायच्या, "जावई काय करतात?"

"बसतात."

"कुठल्या ऑफिसात?"

"घोड्यावर," आई म्हणायची आणि चहा टाकायला उठायची.

मी कर्वेनगरला मुलींच्या एका वसतिगृहाचं भांडार सांभाळत होते. डाळ, तांदूळ, साबण, सगळं कागदावर मांडायची सवय. त्यामुळे हिवाळ्याचा प्रश्नही मी दरवर्षी कागदावर मांडायची. मुंबईच्या बाजूला: घर जवळ, रेस झाली की परत येता येतं, मोठे मालक, मोठ्या रेसेस. कलकत्त्याच्या बाजूला: तिथे चांगले जॉकी कमी, त्यामुळे घोडे जास्त मिळतात, पण रेल्वेचा लांबचा प्रवास, अनोळखी मेस, चार महिने घर नाही. बंगलोरला ओळख फारशी नव्हती, तो रकाना बहुधा कोराच. नवरा चहा पितापिता कागद वाचायचा आणि म्हणायचा, "सगळं बरोबर आहे. पण यात घोडा कुठे आहे?"

मी सांगते आहे त्या वर्षी घोडा होता. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचे दिवस. ज्या तबेल्यात नवरा पोरसवदा असताना शिकायला लागला आणि पुढे पहिला जॉकी झाला, त्याच तबेल्यात एक तांबूस, लांब मानेचा तरुण घोडा आला होता. पुण्यात तो दोनदा धावला आणि दोन्ही वेळा माझ्या नवऱ्याने त्याला चाबूक न दाखवता पुढे आणला. हिवाळ्यात मुंबईला डर्बी असते, वर्षातली सगळ्यात मानाची रेस. नवरा तोवर बऱ्याच मोठ्या रेसेस जिंकला होता, ही एक राहिली होती. "याच्यावर मी डोळे मिटून बसेन," असं तो म्हणाला तेव्हा मी कागद काढलाच नाही. मुंबई ठरली, असं मी धरून चालले. कलकत्त्याच्या एका ट्रेनरचा निरोप आला होता, त्याला त्याने अजून नकार कळवला नव्हता एवढंच. सगळेच जॉकी असं करतात. पहिली जागा पक्की होईपर्यंत दुसरी सोडत नाहीत.

आता ती जागा पक्की कशी होते, ते सांगायला हवं. तिथे ना कागद होता ना करार. आमच्या तबेल्यात रीत अशी होती, की पुण्याच्या मोसमाच्या शेवटच्या आठवड्यात, पहाटेच्या सरावाला ट्रेनर ज्या घोड्यावर ज्याला बसवतील, तोच हिवाळ्यात त्या घोड्यावर रेसला बसणार. तोंडाने कुणी काही बोलायचं नाही. सईस घोडा आणून तुमच्यासमोर उभा करतो, तुम्ही चढता, झालं. ज्या जॉकीने दुसरीकडे शब्द दिलेला असे तो त्या सकाळी यायचा नाही आणि "पोट बिघडलंय" असा निरोप पाठवायचा. ट्रेनरला समोर नाही म्हणायची लाज वाटते, म्हणून ही सोय. मैदानावर पोट बिघडणं म्हणजे काय, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि नेमकं त्याच आठवड्यात आमच्याकडे वजनाचं लचांड निघालं.

जॉकीच्या घरात वजन ही तोंडाने न बोलायची गोष्ट असते. नवरा तेव्हा चाळिशीकडे झुकला होता. आधी अर्धी भाकरी, वाटीभर ताक आणि उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग यावर तो आठवडा काढायचा आणि काटा ऐकायचा. दोन वर्षांपासून काटा ऐकेनासा झाला होता. ऑक्टोबरच्या उन्हात दोन स्वेटर आणि त्यावर रेनकोट घालून तो एम्प्रेस गार्डनपर्यंत पळत जायचा. परत आला की बाथरूमचं दार लावून कढत पाण्याच्या वाफेत बसायचा. तहान लागली की पाणी तोंडात खेळवून थुंकायचा. मी आणि मुलगी त्याच्यासमोर न पिता स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायचो.

कुठल्या घोड्यावर किती वजन ते प्रत्येक रेसला ठरलेलं असतं, जॉकी आणि खोगीर मिळून त्याहून जास्त भरून चालत नाही. डर्बीत हे वजन बरंच असतं, तिथे अडचण नव्हती. पण पहिला जॉकी म्हणजे तबेल्याचे सगळे घोडे त्याचे. हलक्या वजनाचेही. ट्रेनरना नवऱ्याने आपलं खरं वजन कधी कळू दिलं नव्हतं. रेसच्या दिवशी काटा बरोबर दिसायचा, त्याआधी घरात काय चाललं होतं ते घरातच राहायचं.

त्या शेवटच्या आठवड्यातल्या शनिवारी हलक्या वजनाच्या एका घोड्यावर त्याला बसायचं होतं. गुरुवारी पहाटे, हिवाळ्याचे घोडे ठरवणाऱ्या त्याच सरावाला निघायच्या वेळी, बाथरूममधून बादली पडल्याचा आवाज आला. मी दार ढकललं. नवरा भिंतीला टेकून फरशीवर बसला होता, ओठ पांढरे, आणि मला ओळखल्यासारखं करत होता. मी त्याला बाहेर आणलं, मीठ-साखरेचं पाणी पाजलं. प्यायला. त्यावरूनच मला कळलं की प्रकरण साधं नाही.

"बूट दे," तो म्हणाला.

"उभं राहून दाखवा आधी."

उभा राहिला आणि पलंगाच्या कडेवर बसला. खालच्या मजल्यावर त्याच तबेल्यातले एक वयस्क सईस राहत, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. ते निघालेच होते. नवऱ्याने खिडकीतून त्यांना हाक मारली आणि सांगितलं, "साहेबांना सांगा, पोट बिघडलंय."

चाचा वर बघत उभे राहिले. "खरंच सांगू?"

"सांगा. साहेब मला ओळखतात."

दुसरं सांगणार तरी काय? घेरी आली म्हटलं असतं तर का आली हे विचारलं गेलं असतं. पोटाचा अर्थ काय लावतात हे त्याला माहीत होतं. पण इतक्या वर्षांच्या संबंधात आपल्या बाबतीत ट्रेनर तो अर्थ लावणार नाहीत, असं त्याला वाटलं.

चाचा दुपारी परत आले तेव्हा चप्पल काढता काढताच म्हणाले, "घोड्यावर दुसऱ्याला बसवला. तबेल्यातला धाकटा जॉकी. घोडा पळाला पण झकास." मग म्हणाले, "साहेब म्हणाले, कलकत्त्याची हवा पोटाला मानवू दे."

म्हणजे कलकत्त्याहून निरोप आलाय हेही तिथे पोचलेलं होतं.

शनिवारी नवरा हलक्या घोड्यावर बसला, वजन भरलं, रेस हरला. ट्रेनर समोर उभे होते. दोघं घोड्याबद्दल बोलले, हिवाळ्याबद्दल अक्षर नाही. घरी आल्यावर मी म्हटलं, "अहो, विचारा ना सरळ."

"मी कशाला विचारू? घोड्यावरून त्यांनी उतरवलं."

"तुम्ही गेलाच नाहीत तर बसवणार कुणाला? मला?"

"तुझं वजन जास्त आहे," तो म्हणाला. त्या आठवड्यातला तो एकमेव विनोद.

दोघंही आपापल्या जागी बरोबर होते आणि त्यातून काही निघणार नव्हतं. सोमवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि वानवडीला ट्रेनरच्या बंगल्यावर गेले. नवऱ्याला सांगून गेले. तो म्हणाला, "जा, पण वजनाचं बोलायचं नाही." मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

ट्रेनर घोडदळातून निवृत्त झालेले, ताठ, पांढऱ्या मिशांचे. व्हरांड्यात बसून ते खोगिराचा एक पट्टा तपासत होते. "या सूनबाई. पोट कसंय आमच्या शिष्याचं?"

"पोट बिघडलंच नव्हतं," मी म्हटलं.

"ते आम्हालाही कळलं. कलकत्त्याला केव्हा निघताय?"

"कुठे शब्द दिलेला नाही. त्यांना तुमच्याकडेच बसायचंय. त्या घोड्यावर."

त्यांनी पट्टा मांडीवर ठेवला. "मग गुरुवारी काय झालं?"

इथे येईपर्यंत मी दोन-तीन उत्तरं तयार केली होती. एकही टिकणारं नव्हतं. ताप म्हटलं तर शनिवारी रेसला कसा बसला? घरात कुणाचं आजारपण म्हटलं तर उद्या चाचांना विचारतील. आणि बादली पडल्याचा तो आवाज माझ्या डोक्यातून जात नव्हता. घोड्यावर असताना अशी घेरी आली तर काय, हा विचार मी चार दिवस करत होते. मी सगळं सांगितलं. स्वेटर, वाफ, पाणी, फरशी.

त्यांनी मांडीवरचा पट्टा बाजूला ठेवला. मग म्हणाले, "आता किती भरतं?"

मी तेही सांगितलं. वर माझ्या पद्धतीने तोडगाही मांडला: जड वजनाचे घोडे आणि तो तांबूस घोडा यांना द्या, हलके घोडे त्या धाकट्याला द्या. दोघांचंही भागेल.

"हे तुमच्या भांडारात चालतं, सूनबाई. मालकाला मी काय सांगू? माझा पहिला जॉकी निम्म्या घोड्यांवर बसत नाही? मालक दुसऱ्या दिवशी घोडा दुसऱ्या तबेल्यात नेईल. आणि त्या पोराने हिवाळाभर हलके घोडे ओढायचे, अन् डर्बीला दुसऱ्याने यायचं? तो तरी का थांबेल?"

"मग यांनी काय करायचं?"

"मला आधी सांगायचं होतं. दोन वर्षांपूर्वी." त्यांचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "त्याला मी हाताने शिकवलाय. मला काय आनंद होतोय का?" ते उठले, फाटकापर्यंत आले. "कलकत्त्याचा ट्रेनर मला फोन करणार. विचारेल, तुमचा माणूस किती वजनावर बसतो. मी खोटं सांगणार नाही. त्यापेक्षा आमच्या शिष्यालाच सांगू दे."

घरी येऊन मी हे जसंच्या तसं सांगितलं. मुलगी शाळेतून यायची होती, ते बरं झालं.

"तू सांगितलंस."

"सांगितलं."

"मी नको म्हटलं होतं."

"तुम्ही फरशीवर बसला होता. मी उभी होते. मला जास्त दिसत होतं."

तो जेवला नाही. पण आमच्या घरात न जेवणं हे काही रागाचं लक्षण नव्हतं, त्यामुळे तो किती चिडलाय याचा मला अंदाज येईना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चप्पल घालताना म्हणाला, "चल. कलकत्त्याला फोन करतो."

घरचा फोन पावसापासून बंदच होता. मैदानाजवळच्या एसटीडी बूथवर आम्ही गेलो. दिवाळी तोंडावर आलेली, गावाकडे फोन करायला तबेल्यातली माणसं रांगेत उभी. दोन सईस, एक निवृत्त जॉकी, तीन-चार ओळखीचे चेहरे. त्यांनी नवऱ्याला पुढे जायला जागा दिली. अजून तेवढा मान होता. काचेच्या केबिनचं दार नीट लागत नव्हतं. मी ते बाहेरून धरून उभी राहिले.

लाइन खराब होती. नमस्कार वगैरे झालं. मग तो ओरडला, "हां, येतो! पण हलके घोडे नाही!" पलीकडून काहीतरी विचारलं असावं. "नहीं, चौवन! चौवन के नीचे नहीं बैठूँगा! चौवन!"

रांगेतलं बोलणं थांबलं. जो आकडा लपवायला तो इतकी वर्षं उपाशी राहिला, तो आकडा उद्या पहाटे सगळ्या मैदानाला माहीत होणार होता. मी दार आणखी ओढून धरलं, पण काचेतून काय अडणार? निवृत्त जॉकी माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "वहिनी, माझं तर अठ्ठावनवर गेलं होतं," आणि मान फिरवली.

नवरा बाहेर आला. कलकत्त्याने हो म्हटलं होतं. पहिला जॉकी म्हणून नाही. जड वजनाचे घोडे मिळतील तेवढे. तांबूस घोडा त्या धाकट्याबरोबर मुंबईला जाणार हे तर झालंच होतं.

आम्ही रस्त्याला लागलो. थोडं अंतर गेल्यावर मी विचारलं, "चौपन्न किलो सांगितलंत?"

"हो."

"सकाळी काटा पंचावन्नच्या पुढे होता. खोगिराशिवाय."

तो पुढे बघत म्हणाला, "कलकत्त्याला पोचेपर्यंत होईल."

मला रस्त्यातच थांबावंसं वाटलं. सगळ्यांसमोर ओरडून सांगितलेल्या खऱ्यातही त्याने थोडं कापलं होतं, आणि आता ते कापलेलं भरून काढायला तिथे तो एकटाच असणार होता. दार ढकलायला कुणी नाही. मी काही म्हणायच्या आत त्याने अंगातल्या स्वेटरची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि भरभर चालायला लागला.