रुळांशिवाय ठाण्यापर्यंत

हौस म्हणून गाडी घेतली, असं मी कॉलनीत सगळ्यांना सांगितलं. ते खोटं होतं. मी कल्याणचा, मालगाडीचा ड्रायव्हर. दोन वर्षांपूर्वी टिटवाळ्याच्या अलीकडे एक म्हातारबाबा गाठोडं घेऊन रूळ ओलांडत होते. मी शिट्टी दिली, ब्रेक लावला. त्याहून जास्त इंजिनात काही करता येत नाही. चौकशीत माझी चूक नाही असं ठरलं, पण हातांतली भीती गेली नाही. जे वळवता येतं असं यंत्र मला एकदा चालवून बघायचं होतं.

इंग्रज गेल्यापासून आमचे अँग्लो-इंडियन ड्रायव्हर एकेक करून विलायतेला निघाले होते. त्यांतल्या एकाकडे लढाईच्या आधीची, हिरवी, दोनच माणसांची उघडी स्पोर्ट्स गाडी होती. बाराशेला दिली. महिनाभर मैदानात शिकवलंही. परवाना मिळाला तेव्हा म्हणाला, "मॅन, तू फार सरळ चालवतोस." मी हसलो.

अशी गाडी घ्यायची असेल तर एवढं लक्षात ठेवा. इंजिन सुरू करायला पुढून हँडल मारताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवा, नाहीतर उलट्या झटक्यात तो मोडेल. इंजिन तापतं, पाण्याचा डबा बरोबर हवाच. पेट्रोल कल्याणलाच भरून घ्या, पुढचा भरवसा नाही.

थंडीतल्या एका रविवारी सकाळी सातला मी आणि बायको, सुशीला, निघालो. ठाण्याला तिची बहीण राहते, जेवण तिच्याकडे. पत्रीपूल ओलांडून शीळच्या रस्त्याला लागलो आणि वळणं सुरू झाली. रस्ता डावीकडे वळला की मी वाट बघायचो, रस्ता आपोआप नेईल म्हणून. चाक आपणच फिरवायचं असतं हे आठवेपर्यंत कडेचा धोंडा जवळ आलेला असायचा.

"अहो, बैलगाडी येतेय," सुशीला म्हणाली.

"दिसतेय."

"मग हॉर्न काय वाजवताय नुसता? बाजूला घ्या ना!"

बैलगाडीवाल्यानेच बैल खाली उतरवले. शीळ ते मुंब्रा रस्ता खडीचा आहे, ताशी पंधरा मैलांच्या वर जाऊ नका. मुंब्र्याला डोंगराखाली चहा आणि कांदाभजी, दोघांचे मिळून सहा आणे. भजी उत्तम होती म्हणे. माझा चहा तसाच राहिला, सुशीलाने कप बाजूला ठेवला आणि विचारलं, "परत फिरायचं का?" परत फिरायला गाडी वळवावी लागली असती. मी पुढेच निघालो.

कळव्याच्या अलीकडे दोन्ही बाजूंना मिठागरं लागतात. रस्ता मोकळा दिसला, जरा वेग दिला, तेवढ्यात बांधावरून एक आगरी बाई डोक्यावर मिठाची टोपली घेऊन थेट रस्त्यावर आली. माझा पाय ब्रेकवर गेला. उजवा हात चाक सोडून वर गेला, शिट्टीची दांडी शोधायला. गाडी घसरत सरळ तिच्याकडे चालली होती, आणि मी डोळे मिटले.

"फिरवा! अहो, फिरवा!"

मी चाक फिरवलं, अंगातला सगळा जीव लावून. गाडी उजवीकडून बांधाखाली उतरली आणि चिखलात रुतून बंद पडली. डोळे उघडायचं धाडस होईना. मग शिव्या ऐकू आल्या.

"डोले फुटले का रं तुजे? यवरा रस्ता तुला पुरत नाय?"

ती उभी होती. टोपलीतलं मीठसुद्धा सांडलं नव्हतं. मी उतरलो, चिखलातच बसलो आणि पोरासारखा रडायला लागलो. बाई गोंधळली. जवळ आली, वाकून बघत म्हणाली, "रडतंस कनाला? मी जिती हाय ना!"

तिने हाक मारल्यावर मिठागरातली चार माणसं आली. गाडी हलकी, सहज वर काढली. कळव्याचा दगडी पूल आम्ही ढकलगाडीच्या वेगाने पार केला. मेहुणीकडे जेवण झालं, संध्याकाळच्या आत घरीही आलो. सुशीला वाटभर माझ्या मनगटावर हात ठेवून होती.

गाडी अजून दाराशी आहे. फार बाहेर निघत नाही. भीती गेली का, असं सुशीला विचारते, तिला मी खोटं सांगत नाही. त्या रविवारनंतरच्या पहिल्याच ड्यूटीला टिटवाळ्याच्या अलीकडे ती जागा आली तेव्हा नेहमीप्रमाणे शिट्टी दिली. सहाय्यक म्हणाला, "साहेब, हाताला काय झालं?" खाली बघितलं तर माझे दोन्ही हात हवेत होते, आणि नसलेलं चाक उजवीकडे फिरवत होते.