डॅरनचा डावा पाय

नँटिकोक गावच्या अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये ज्यांनी ‘लँटर्न्स फॉर रूथ’ हा बँड ऐकलाय, त्यांना डॅरन युर्कानिनचा डावा पाय माहीत आहे. चेहरा आठवेलच असं नाही. चेहरा दिसणार कुठून? ड्रमर माणूस, झांजांच्या मागे मान खाली घालून बसलेला. लोक बघतात ते पुढे गळा फाडून ओरडणाऱ्या शेनकडे आणि त्याच्या बाजूला गिटारी गरागरा फिरवणाऱ्या दोघांकडे. आता ही रूथ कोण, हे अकरा वर्षांत एकालाही सांगता आलेलं नाही. नाव ठेवलं तेव्हा सगळे विशीच्या आतबाहेर होते, आणि त्या वयात नावाला अर्थ लागत नाही, फक्त ते शर्टावर छापून बरं दिसावं लागतं.

तर तो पाय. अठ्ठ्याण्णव साली, तो कामाला होता त्या गोदामात, खोक्यांची एक अख्खी थप्पी डॅरनच्या डाव्या घोट्यावर आली. हाड जुळलं, पण जुळताना स्वतःच्या मर्जीने जुळलं. तेव्हापासून दोन पायांनी दोन पेडल दाबून मोठा ड्रम वाजवताना डावा पाय कणभर उशिरा पडतो. या लोकांच्या प्रत्येक गाण्यात एक जागा अशी येते, की वेग एकदम खाली बसतो आणि गिटारी नि ड्रम मिळून जडच्या जड घाव घालायला लागतात. त्याला ते ब्रेकडाउन म्हणतात. हॉलमधली पोरं पाच मिनिटं त्याच जागेची वाट बघत असतात आणि ती आली की हवेत मुठी फिरवत एकमेकांवर आदळतात. डॅरनचा उजवा पाय तिथे वेळेवर पडायचा आणि डावा मागून. अडकलेल्या दाराला आधी हात लावावा आणि मग खांदा, तसं. दुसऱ्या गावांतले बँड म्हणायचे, तुमचं ब्रेकडाउन एवढं वजनदार कसं? डॅरन खांदे उडवायचा. मोडका घोटा काय सांगायचा.

दोन हजार पाचमध्ये एका छोट्या रेकॉर्ड कंपनीने त्यांचा पहिला अल्बम काढायचं कबूल केलं, तेव्हा डॅरन एकतीस वर्षांचा होता. एक लग्न होऊन मोडलं होतं, तो आईच्या घरी परतला होता, ड्रमसेट पुन्हा तळघरात लागला होता. रात्रपाळी, मग झोप, मग सराव, मग पुन्हा रात्रपाळी. मांड्या भरून यायच्या. त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं की हा अल्बम झाला की बस. दौरे नकोत, नाव नको. अकरा वर्षं वाजवलं ते कुठेतरी एकदा उतरून राहावं, आपल्या हातापायांचं, जसं आहे तसं, आणि मग खुशाल पेडलला गंज चढू दे. एवढं एकच मागणं होतं.

दोन दिवसांची रजा काढून तो न्यू जर्सीला, अल्बमचं रेकॉर्डिंग करणाऱ्या ग्रँटच्या स्टुडिओत गेला. ग्रँट मोठा गोड माणूस. कानात ताल मोजणाऱ्या क्लिकची टकटक लावून डॅरनने नऊ गाणी वाजवली आणि प्रत्येकानंतर काचेपलीकडून एकच उत्तर आलं, “छान. पुढचं घे.” एकदाही पुन्हा वाजवायला सांगितलं नाही. डॅरन हरखला. खरं तर तिथेच त्याच्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. ज्याचं ठेवायचं असतं त्याच्या चुका काढतात. ज्याचं काहीच ठेवायचं नाही, त्याच्याशी कोण डोकं लावणार?

पुढचे तीन महिने गिटारी आणि शेनचा आवाज भरण्यात गेले. त्याला तिथे काम नव्हतं. फेब्रुवारीत शेनने त्याला तयार डिस्क दिली. सकाळी गोदामातून सुटल्यावर डॅरनने ती गाडीत लावली, काचेवरचा बर्फसुद्धा न खरवडता. ड्रम ऐकून तो थक्कच झाला. केवढे मोठे, केवढे स्वच्छ. तिसऱ्या गाण्याचं ब्रेकडाउन आलं आणि दोन्ही पायांचे घाव अगदी वेळेवर पडले. आधी त्याला आनंदच झाला हो; वाटलं, त्या दिवशी पायाने साथ दिली. मग पुन्हा ऐकलं. प्रत्येक घाव आधीच्या घावासारखाच होता, एका साच्यातून काढलेल्या विटांसारखा. माणसाचा पाय दोनदा सारखा पडत नाही. नऊच्या नऊ गाणी ऐकेपर्यंत काचेवरचा बर्फ आपोआप वितळला, आणि त्या गाण्यांत डॅरन कुठेच सापडला नाही.

त्याने तिथूनच शेनला फोन लावला.

“अरे, सगळेच करतात रे आता,” शेन म्हणाला. “तुझंच आहे ते. कॉम्प्युटरवर सरळ केलंय फक्त.”

“सरळ केलंय की काढून टाकलंय?”

शेनने मग खरं काय ते सांगून टाकलं. ग्रँटने सुरुवात सरळ करण्यापासूनच केली होती, पण एकेक ठोका ओढत बसण्यापेक्षा सगळं मशीनवर नव्याने रचणं सोपं पडलं. बाकीच्या तिघांना डिसेंबरपासून माहीत होतं.

“मला का नाही सांगितलंत?”

“तू भांडला असतास.”

फोन ठेवल्यावर डॅरनला सगळ्यात वाईट कशाचं वाटलं असेल, तर आपण भांडलो नसतो याचं. त्याच्या अंगात भांडणाएवढं त्राणच उरलं नव्हतं. डिस्क छापायला गेली. आतल्या पुस्तिकेत, रिवाजाप्रमाणे, प्रत्येकाची स्वतःची आभारांची यादी होती. शेनची दोन पानं, देवापासून ट्रक दुरुस्त करणाऱ्यापर्यंत. डॅरनची एक ओळ: ‘आई, तळघराबद्दल.’ आणि डबीच्या मागच्या बाजूवर ठसठशीत अक्षरांत: ‘ड्रम्स: डॅरन युर्कानिन’.

मार्चमध्ये एका शनिवारी त्याच हॉलमध्ये प्रकाशनाचा कार्यक्रम झाला. डिस्क दोन आठवडे आधीच इंटरनेटवर फुटली होती आणि पोरांनी ती घोटून पाठ केली होती. हॉल चिक्कार भरला. तिसरं गाणं सुरू झालं, वेग खाली बसला, ब्रेकडाउन आलं. डॅरनचा उजवा पाय पडला. मग अख्ख्या हॉलच्या मुठी खाली आल्या, डिस्कवर दुसरा घाव येतो त्या नेमक्या वेळेला. आणि त्यानंतर डॅरनचा डावा पाय पडला.

सात-आठ वर्षं त्या हॉलने त्याच्या पायाची वाट बघितली होती. आता तो पाय उशिरा आलेला पाहुणा झाला. पहिल्या रांगेतल्या दोघातिघांनी मान वर करून पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. पुढच्या गाण्यापासून त्याने पाय ओढून ताणून वेळेवर टाकला. घोट्यातून कळ मांडीपर्यंत जात होती. शेवटी ॲलनटाउनच्या एका बँडचा ड्रमर मुद्दाम भेटायला आला आणि मनापासून म्हणाला, “काय वाजवलंयस रे डिस्कवर. मशीन आहेस तू.” डॅरनने थँक्यू म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

आईने, म्हणजे आयरीनबाईंनी, डिस्क ऐकली ती पुढच्या गुरुवारी. ईस्टरआधीच्या उपासाचे दिवस होते. दर शुक्रवारी चर्चमध्ये पिरोगी, म्हणजे सारण भरून उकडलेल्या करंज्या, विकायच्या असतात आणि त्यातल्या पंधरा डझन आयरीनबाईंच्या वाट्याच्या. डॅरन पाळीवरून आला तेव्हा त्या स्वयंपाकघरात कणीक लाटून पाण्याच्या ग्लासने गोल पाडत होत्या. ओट्यावरच्या जुन्या रेडिओत डिस्क फिरत होती. त्या संगीतातलं त्यांना ओ की ठो कळत नाही. शेनबद्दल अजून म्हणतात, त्या पोराला कोणीतरी आल्याचा चहा द्या. पण डॅरन खाली वाजवत असला की त्यांचा हात आपसूक त्या ठेक्यावर पडतो, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. डॅरन चुकला की पिरोगी वेडीवाकडी व्हायची आणि शिव्या तळघरात जायच्या.

त्याने कोट काढला. ग्लास तसाच हातात धरून त्या रेडिओकडे बघत उभ्या होत्या.

“हा कोण वाजवतोय?”

“मीच, आई. नाव आहे बघ मागे.”

“नाव बघितलं मी. चष्मा लावून बघितलं. मी विचारतेय, हा कोण?”

“मीच ना.”

“मला नको शिकवूस,” त्या म्हणाल्या. “सतरा वर्षांपासून तुला या फरशीखालून ऐकतेय. तो पाय आला नाही तर मला गोलसुद्धा पाडता येत नाही.” त्यांनी टेबलाकडे बोट केलं. दोन गोल एकमेकांवर चढले होते, तिसरा काठावरून निसटला होता.

डॅरन खुर्चीवर बसला आणि त्याने सगळं सांगितलं, ग्रँटच्या गोड बोलण्यापासून हॉलमधल्या मुठींपर्यंत. रडला नाही. रडायलाही ताकद लागते. आयरीनबाई पीठ भरल्या हातांनी ऐकत राहिल्या. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला नाही. ती त्यांची रीत नाही.

“मग त्याचं नाव का नाही लिहिलं? ज्याने वाजवलं त्याचं?”

“त्याला नाव नाही, आई. मशीन आहे ते.”

“बिचारं,” आयरीनबाई म्हणाल्या. मग त्यांनी डिस्क बंद केली, हात पुसून ती डबीत नीट ठेवली, आणि डबी खिडकीत पाद्रीबाबांच्या फोटोशेजारी उभी केली, नाव छापलेली बाजू पुढे करून. “हे इथे राहील. लोकांना दाखवीन. पण पुन्हा लावायची नाही. जा, खाली जा आता.”

“आई, आत्ता सुटून आलोय. पाय उचलत नाही.”

“माझ्या अजून नऊ डझन व्हायच्यात. दार उघडं ठेव.”

तो कठडा धरून एकेक पायरी उतरला. गोदामाचे बूटही त्याने काढले नाहीत. पेडल थंड होती. तिसऱ्या गाण्याचं ब्रेकडाउन त्याने अगदी सावकाश धरलं, दमलेल्या माणसाला झेपेल एवढ्याच वेगाने. उजवा पाय पडला. वर काहीच हललं नाही. मग त्याच्या वेळेने, मागून, डावा पडला, आणि त्याच क्षणी डोक्यावरच्या टेबलावर ग्लास दाबल्याचा आवाज आला.