लातूरचे सर्जन आणि माझं केळवण

"झोपेत तुमचा श्वास थांबतो," डॉक्टर म्हणाल्या. "एकदा नाही. रात्रभर, पुन्हा पुन्हा."

मी नांदेडच्या एका दवाखान्यात बसले होते. आदल्या रात्री अंगाला वायरी चिकटवून मला तिथेच झोपवलं होतं. या तपासणीला स्लीप स्टडी म्हणतात. झोपेत छाती किती हलते, नाकातून हवा किती जाते, रक्तातला ऑक्सिजन किती उतरतो, हे यंत्र टिपत राहतं. निदान निघालं ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, हवेची वाट बंद होते, मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागं करतो, श्वास सुरू होतो आणि परत तेच. आपल्याला वाटतं आपण झोपलो होतो.

मी घाबरायला हवं होतं. मला राग आला. दोन वर्षांपासून मी छापखान्यात मजकूर तपासता तपासता पेंगत होते. एकदा सिग्नलला स्कूटीवर बसल्या बसल्या डोळा लागला. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवून उठवलं आणि म्हणाला, "ओ ताई, घरी गादी न्हाई का?" या दोन वर्षांत मी कितीतरी डॉक्टरांची दारं झिजवली. सकाळी डोकं दुखतं म्हटलं, वजन कमी करा. थकवा येतो म्हटलं, वजन कमी करा. कान ठणकतो म्हणून गेले, तरी तेच. त्या डॉक्टरांनी कानात बघायच्या आधी विचारलं, "लग्न झालंय का?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग तर कमी करायलाच पाहिजे." कानात शेवटपर्यंत पाहिलंच नाही.

तुमचं शरीर जाड असेल तर तुम्हाला हे माहीत आहे. दवाखान्यात तुमचा आजार आधी जात नाही, तुमचा घेर जातो. हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे.

नांदेडच्या डॉक्टरबाईंनी पहिल्यांदा मला पूर्ण ऐकून घेतलं. रक्तातली साखर वाढलेली होती. लिव्हरवर चरबी साठली होती, त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. त्यांनी झोपताना लावायचा मास्क दिला. सीपॅप नावाचं छोटं यंत्र त्या मास्कमधून हवा ढकलत राहतं आणि घसा उघडा ठेवतं. पहिल्या रात्रीनंतर सकाळी उठले तेव्हा डोकं दुखत नव्हतं. मी अंथरुणात बसून राहिले. माणसं रोज अशी उठतात हे मला माहीतच नव्हतं.

"पण मास्क म्हणजे टेकू आहे," बाई म्हणाल्या. "साखर आणि लिव्हर त्याने सुधारणार नाहीत. डाएट करून झालंय तुमचं?"

डाएट. मी भात सोडला, भाकरी सोडली, पहाटे मैदानाला फेऱ्या मारल्या, वजन उतरलं, दरवेळी व्याजासकट परत आलं.

"तुम्ही आळशी आहात असं समजू नका," त्या म्हणाल्या. "एवढं वाढलेलं वजन शरीर राखून धरतं, हा आजाराचाच भाग आहे. लातूरला एक चांगले सर्जन आहेत. एकदा भेटून या."

लातूरच्या सर्जननी कागदावर जठराचं चित्र काढलं आणि त्यात एक उभी रेघ मारली. ऑपरेशनचं नाव स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. दुर्बिणीतून जठराचा मोठा भाग काढून टाकतात, उरतं ते एका नळीएवढं. भूक वाढवणारं एक द्रव्य त्या काढलेल्या भागात जास्त तयार होतं, म्हणून भूकही उतरते. मग त्यांनी वाईट बाजू सांगितली. टाके गळू शकतात. जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर. केस गळतील. नीट राहिलं नाही तर वजन परत येऊ शकतं. "ही जादू नाही. आणि नाही म्हणालात तरी मी रागावणार नाही," ते म्हणाले. मी मनातल्या मनात त्या माणसाला हात जोडले.

घरी मात्र दोघांनी दोन बाजूंनी धरलं.

माझे बाबा निवृत्त शिक्षक, कष्टकऱ्यांच्या संघटनेचे जुने कार्यकर्ते. मी पत्रकांच्या घड्या घालत लहानाची मोठी झाले. माझ्या हातांना शाई लागलेली असायची, इतर मुलींच्या चेहऱ्याला पावडर. अन्याय हा शब्द मी बाबांकडून शिकले. तेच बाबा म्हणाले, "हे श्रीमंतांचे चोचले आहेत. अंगमेहनत केली की वजन उतरतं. कष्टकऱ्यांत कधी जाडा माणूस पाहिलास? मी ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही करणार नाही."

सही मला माझीच पुरेशी होती, मी सज्ञान आहे. पण दवाखान्याला जवळच्या नातेवाइकाचीही लागते. आणि खरं सांगते, ती नसती लागली तरी मला बाबांचीच हवी होती.

आई लगेच तयार झाली आणि तिचं तयार होणं मला जास्त लागलं. "कर बाई कर. बारीक झालीस की स्थळं येतील." मी म्हणाले, "आई, माझा श्वास थांबतो." ती म्हणाली, "हो गं, ते पण."

ते पण. माझा श्वास यादीत दुसरा.

माझी एक मैत्रीण तिसऱ्याच बाजूने आली. आम्ही दोघींनी मिळून एकदा जाड मुलींच्या चेष्टेवर लेख लिहिला होता. ती म्हणाली, "म्हणजे तू हरलीस. त्यांना हवं तसं शरीर करून देणार." यावर मी बरेच दिवस विचार केला, कारण तिचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. शेवटी मला उत्तर सापडलं ते असं, की लोकांच्या नजरेसाठी ऑपरेशन करणं जशी गुलामी, तशी लोकांच्या नजरेला विरोध म्हणून न करणं हीसुद्धा गुलामीच. दोन्हीकडे निर्णय त्यांचाच. मला श्वास हवा आहे. ज्याला हे कारण पुरत नाही त्याने स्वतःचा श्वास थोडा वेळ धरून पाहावा.

मी ठरवलं. मग तयारी सुरू झाली. एंडोस्कोपी, म्हणजे घशातून कॅमेरा घालून जठर आतून बघणं. हृदयाची तपासणी. मानसोपचारतज्ज्ञांशी बोलणं, कारण जेवणाशी आपलं नातं काय आहे हे ऑपरेशनच्या आधीच कळलेलं बरं असतं. नांदेड ते लातूर एसटीच्या खेपा. लोह्याला गाडी थांबली की लोक खाली उतरून भजी खायचे आणि मी खिडकीत बसून घोट घोट पाणी प्यायचे.

शेवटचा टप्पा सगळ्यात अवघड. ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे फक्त पातळ पदार्थ. ताक, गाळलेलं वरणाचं पाणी, प्रथिनांची पावडर. सर्जननी कारण समजावलं होतं. लिव्हर जठरावर पालथं पडलेलं असतं. ते फुगलेलं असेल तर दुर्बीण आत शिरायला जागाच राहत नाही. "या दोन आठवड्यांत जेवलात तर मला आत जाऊन परत यावं लागेल. हे माझ्यासाठी पाळायचं नाही, टेबलावर तुम्ही असणार आहात."

नेमक्या याच काळात लोह्याहून शेवंताआत्याचा फोन आला. शेवंताआत्या बाबांची थोरली बहीण. रविवारी सगळ्यांनी जेवायला या. मी नको म्हणत होते, आईने हो म्हटलं. "दोन घास तोंडदेखले खा. आजार-बिजार काढू नकोस. बिनलग्नाच्या मुलीचं पोटाचं ऑपरेशन म्हटलं की लोक भलतंच समजतात."

गेलो. ओसरीवर पाट मांडलेला, पाटाभोवती रांगोळी, ताटात पुरणपोळी, तूप, कटाची आमटी, कुरडया. शेजारणी जमल्या होत्या. आत्याने मला पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि मांडीवर साडी ठेवली.

"हे काय आत्या?"

"केळवण हाय. दुसरं काय? तुझी माय लपवून राहिली म्हणून आम्ही बी लपवावं का?"

मी आईकडे पाहिलं. आई कुरडयांकडे पाहत होती.

ते कसं झालं ते नंतर कळलं. आत्या फोनवर विचारायची, पोरीचं लातूरला सारखं येणंजाणं कामून चाललंय? आई म्हणायची, तयारी चालू आहे. कसली? सांगू मागाहून. कुणाकडे जाता? आईला खोटं बोलायचं नव्हतं. ती म्हणाली, एक सर्जन आहेत, फार चांगले आहेत. आत्याने बाकीचं स्वतः जुळवलं.

"पोरगं सर्जन हाय म्हणे," एक शेजारीण म्हणाली. "नशीब काढलं."

"आता घरातच डाक्टर," दुसरी म्हणाली. "फुकट सुई."

"वय काय हो नवरदेवाचं?"

सर्जनचं वय साठीच्या घरात, त्यांच्या मुलीचंच लग्न झालेलं. बाबांना ठसका लागला. आत्या पोळीवर तुपाची धार धरून म्हणाली, "खा गं माय. खात्यापित्या घरची लेक हाय, लाजून काय राहिली?"

आई माझ्या कानाशी पुटपुटली, "एक घास घे. एकाने काय होतंय?"

मी घास मोडला होता. हातात होता. तेव्हा मला स्वच्छ दिसलं, की आजवर माझ्या शरीराचं जे काही झालं ते असंच झालं. कुणाचं मन राहावं म्हणून एक घास, कुणाची अब्रू राहावी म्हणून गप्प. मी घास ताटात ठेवला.

"आत्या, स्थळ नाही. सर्जन माझं ऑपरेशन करणार आहेत. मला झोपेत श्वास थांबायचा आजार आहे, साखर आहे. जठर लहान करणार आहेत. हे खाल्लं तर ऑपरेशन होणार नाही."

शेजारणी एकमेकींकडे बघू लागल्या. आत्याने तुपाची वाटी खाली ठेवली.

"बारीक व्हायला पोट कापून घेती व्हय?" ती म्हणाली. "अन् साडी आणली मी."

"बारीक व्हायला नाही. मला गुदमरून मरायचं नाही म्हणून."

"श्वास थांबतो म्हंजे कसा?"

मी सांगितलं. मोठमोठ्याने घोरणं, मध्येच एकदम शांत, मग पाण्यातून वर आल्यासारखा हुंदका. दिवसा बसल्या जागी डोळा लागणं. सांगत गेले तसा आत्याचा चेहरा बदलत गेला. ती माझ्याकडे बघतच नव्हती. बाबांकडे बघत होती.

"दिनू," ती म्हणाली. "दादा असेच घोरत होते की रे."

दादा म्हणजे माझे आजोबा. मी त्यांना पाहिलेलं नाही. भरदार माणूस, पन्नाशी गाठली आणि एका रात्री झोपेत गेले. आमच्याकडे त्यांचं नाव निघालं की लोक म्हणतात, पुण्यवान माणूस, कुणाला त्रास न देता गेला.

"मधीच गप व्हायचे," आत्या म्हणाली. "आई त्यांना हलवायची. त्या राती आई माहेरी होती." ती माझ्याकडे वळली. "म्हंजे दादांना बी ह्येच होतं का गं?"

मला हो म्हणता आलं असतं. माझ्या बाजूने जोरदार मुद्दा झाला असता. "मला माहीत नाही, आत्या," मी म्हणाले. "आता कुणालाच सांगता येणार नाही."

बाबा म्हणाले, "अक्का, तेव्हाची गोष्ट वेगळी. त्यांचं वजन..."

"त्यांचं वजन काय? बसून खात होते व्हय दादा?" आत्या कडाडली. "दिवस उगवायच्या आधी औत धरायचे. त्यांच्याइतकी मेहनत तू केलीस का कधी, मास्तर? तरी अंग होतं तसंच होतं. अन् आपण काय म्हणत राहिलो? पुण्यवान."

बाबा वाद हरले होते. मला त्याचा आनंद झाला नाही. त्यांनी आपलं ताट पुढे सरकवलं आणि हात धुवायला उठले.

आत्याने माझ्यासमोरचं ताट उचललं. आतून गाळणीचा आवाज आला. तांब्याभर ताक घेऊन आली. "ह्ये चालतंय ना? गाळून घेतलंय." साडी मात्र परत घेतली नाही. "दवाखान्यातून आल्यावर नेस. तवर राहू दे घडी."

परतीच्या गाडीत आई रुसून बसली होती. नायगावची पाटी असलेली एसटी आम्हाला मागे टाकून गेली तेव्हा ती पहिलं वाक्य बोलली. "उद्यापर्यंत सगळ्या पाहुण्यांत बोभाटा होईल." मी म्हणाले, "होऊ दे. निदान खऱ्याचा तरी होईल."

आता मी लातूरच्या दवाखान्यात आहे. उद्या सकाळी ऑपरेशन. सोनोग्राफीत लिव्हर पुरेसं उतरलेलं दिसलं. मला एक प्लास्टिकचं यंत्र दिलंय. त्यातून श्वास आत ओढला की गोळे वर चढतात, फुप्फुसांचा व्यायाम आहे. आई शेजारच्या खाटेवरच्या बाईला, न विचारता, माझा आजार समजावून सांगते आहे. निम्मा चुकीचा सांगते आहे, पण मोठ्याने.

दुपारी भूलतज्ज्ञ आल्या. भूल देताना आमच्यासारख्यांच्या श्वासाची जास्त काळजी घ्यावी लागते, म्हणून मास्क सोबत ठेवा म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "घरात कुणाला असा त्रास होता? झोपेत कुणी गेलं होतं?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा खुर्चीतून उठले. वर्गात उत्तर द्यायला मूल उभं राहतं तसे.

"माझे वडील," ते म्हणाले. "त्यांना काय होतं ते आम्ही कधी विचारलं नाही."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. बाबांनी स्वतःच पेन मागून घेतलं आणि सही केली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "वाचूनच केली आहे."

तुम्ही ऑपरेशन करा असं मी सांगणार नाही. तुमचं शरीर माझं नाही. पण कुणी घोरतं म्हणून हसू नका, त्याला तपासून घ्या. आणि कोणत्याही टेबलावर चढायच्या आधी स्वतःचं कारण स्वतःच्या तोंडाने एकदा सगळ्यांसमोर सांगा. मी सांगितलं आहे. मी उद्यासाठी तयार आहे. भीती वाटते आहे, पण ती माझी आहे.