कळी पडेना तेव्हा

अन्याय झाला तो राणीवर. राणी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची मुलगी. २००३ सालच्या होळीआधीचा बुधवार होता. विंझरच्या पुढं आमची वाडी आहे. तिथल्या अंगणवाडीत नर्सबाई टोचणीला बसल्या होत्या. राणी नऊ महिन्यांची झाली होती, गोवराच्या लशीची तिची पाळी आली होती, आणि वहिनी तिला कडेवर घेऊन रांगेत उभी होती. दादा कांद्याला पाणी देता देता तसाच ओल्या पायांनी आला, वहिनीच्या कडेवरून पोर ओढून घेतली आणि घरी घेऊन गेला. रांगेतल्या सगळ्या बायांनी ते पाहिलं. मी त्या दिवशी भोरला दारूबंदीच्या मोर्चात घोषणा देत होते. संध्याकाळच्या एसटीनं घरी आले तेव्हा कळलं.

दादाला दुष्ट म्हणून मोकळं होता येत नाही, आणि त्याचीच मला जास्त चीड येते. त्याचा थोरला मुलगा सोमनाथ. आम्ही त्याला सोम्या म्हणतो. सोम्या दीड वर्षाचा होईपर्यंत ‘आई’ म्हणायचा, ‘भू’ म्हणायचा, कोंबडीमागं धावताना ‘हाट’ म्हणायचा. त्रिगुणी लशीचा बूस्टर झाला, दोन दिवस ताप आला, आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत त्याचे शब्द एकेक करून गेले. हाक मारली तरी वळून बघेना. पुण्याला नेला तेव्हा डॉक्टरांनी ऑटिझम हा शब्द सांगितला. ते म्हणाले, हे सुईनं होत नाही. मेंदूची घडणच वेगळी असते, तीही जन्माच्या आधीपासूनची. नेमकं कारण अजून पुरतं कळलेलं नाही. ज्या वयात बूस्टर देतात त्याच वयात ही लक्षणं आईबापांच्या ध्यानात येऊ लागतात, म्हणून संशय सुईवर जातो. दादानं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. पण नसरापूरच्या बाजारात कुणीतरी त्याच्या हातात लशीनंच पोरं अशी होतात असं सांगणारं एक पत्रक दिलं, आणि डॉक्टर मागं पडले.

मी पत्रकं लिहिते. गुत्त्याविरुद्ध लिहिलीत, बंद केलेल्या एसटीसाठी लिहिलीत. त्यामुळं तो कागद हातात घेताच मला कळलं की हे खोटं काम आहे. वर ठळक मथळा, मधे परदेशातल्या कुणा डॉक्टरचा हवाला, उद्गारचिन्हांची रांग, आणि खाली छापणाऱ्याचं नाव नाही की पत्ता नाही. आम्ही गुत्तेवाल्यांविरुद्ध लिहितो तेव्हा मार खायची तयारी ठेवून खाली नावं घालतो. मी तावातावानं दादाला म्हटलं, “ह्याला धनी कोण? नाव दाखव मला.”

“नावाशी काय करायचंय? पुरावा माझ्या घरात बसलाय की.”

“अन् डॉक्टर काय म्हणाले?”

“त्ये म्हणाले, कारण म्हाईत न्हाई. ह्यो कागुद म्हणतो, म्हाईत हाय. तू लई शिकलीस, तूच सांग, कुणाचं ऐकू?” मग आवाज उतरवून म्हणाला, “एक पोरगं गेलं माझं. दुसरं न्हाई द्यायचं.”

“गेलं? अरे, हितं तर बसलंय, भाकरी खातंय!”

सोम्या खरंच उंबऱ्यात बसून भाकरीचा पापुद्रा सोलत होता, स्वतःशी गुणगुणत होता. दादानं त्याच्याकडं बघितलं नाही. तो कितीतरी दिवस त्याच्याकडं बघतच नव्हता. आणि वाडीतल्या बायका वहिनीला पाणवठ्यावर गाठून विचारत होत्या, “तूच नेला हुतास न्हवं टोचायला? मांडीवर कुणी धरला हुता?” वहिनीनं पाणवठ्याला जायची वेळ बदलली, पण प्रश्न काही बदलले नाहीत.

इथं माझ्या श्रद्धेबद्दल सांगायला हवं. मी जानाईची, आमच्या वाडीच्या देवीची भक्त आहे; तिलाच आम्ही आई म्हणतो. मंगळवार चुकवत नाही. चळवळीतली पोरं मला ‘मंगळवारची कॉम्रेड’ म्हणून चिडवतात, चिडवोत. सोम्या बोलावा म्हणून मी आईजवळ दोन वर्षं रडले, आणि आई गप्प राहिली. लोक म्हणतात श्रद्धा डळमळते. माझी डळमळली नाही, ती आंबली. मी देवळात जायचे ती भांडायला. हात जोडायचे आणि मनात म्हणायचे, तू बघतेस तरी का?

पुढच्या वर्षी वैशाखात वाडीत गोवर आला. टोचलेली पोरं खेळत राहिली. राणी दोन वर्षांची होत आली होती, ती अंथरुणाला खिळली. आमच्याकडं गोवराला आजार म्हणत नाहीत, देवी म्हणतात. दाराला लिंबाचा पाला लागला, घरात फोडणी बंद झाली, बाहेरच्या माणसाला उंबरा बंद झाला. आणि आई अंगात आहे तोवर त्या अंगाला सुई लावायची नाही, हा तर जुनाच दंडक. पुरळ सुकलं, तरी ताप हटेना. राणीच्या छातीचा भाता चालू झाला. डोळे चिकटले, ती उजेडाला रडायला लागली, मग रडायचीही थांबली. मी म्हटलं, पुण्याला न्यायची. माझी आई म्हणाली, “कौल मिळाला तर न्या. आई घरात असताना तिला इचारल्याबिगर पोर वाडीभाईर हालवायची न्हाई.” दादाला आता सुईचीही भीती होती आणि देवीचीही.

आम्ही राणीला घेऊनच देवळात गेलो. कौल लावणं म्हणजे गुरव ओल्या कळ्या देवीच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवतो आणि आपण प्रश्न घालतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गुरवानं कळ्या लावल्या. वहिनी राणीला मांडीवर घेऊन समोर बसली. आम्ही कळ्यांकडं बघत बसलो. ऊन गाभाऱ्याच्या पायरीवर आलं, पायरीवरून हटलं, पण कळी पडेना. उजवीही नाही, डावीही नाही. गुरव म्हणाला, “आई इचारात हाय, बसा.” मी राणीच्या पोटाकडं बघत होते. ते बरगडीखाली खोल ओढलं जात होतं. आयुष्यात मी इतकी निराधार कधी झाले नाही. मला घोषणा देता येतात, पत्रक लिहिता येतं. एका कळीपुढं मला काही करता येत नव्हतं. मी डोळे मिटले आणि म्हटलं, आता मी भांडतसुद्धा नाही. तुझं तू बघ.

तेवढ्यात बाहेर टेम्पो थांबला. नवस फेडायला आलेली माणसं होती. त्यातली एक पन्नाशीची बाई ओटी भरून मागं फिरली आणि आमच्याजवळ थबकली. “कधीपास्नं बसलायसा?”

“सकाळपासून. कळी पडंना,” वहिनी म्हणाली.

बाईनं राणीच्या कपाळाला हात लावला आणि एकदम आवाज चढवला. “मग पोर मांडीवर घिऊन कशापायी बसलायसा? कौल आईकडनं यायचाय, पोरीकडनं न्हाई. कळीकडं बघायला माणूस लागतंय, तर म्या बसते हितं. आवो, टेम्पो फिरवा! ह्यास्नी पुण्याला सोडून या.”

गुरव गडबडला. “असं चालतं व्हय? ज्येचा कौल त्येनंच बसावं.”

“न्हाई चालत तर आई पाडंल की डावी. हाय म्या बघायला. सांगावा धाडीन.” आणि ती खरोखर वहिनीच्या जागेवर मांडी घालून बसली. वर दादाकडं बघून म्हणाली, “काय बाबा, उचलतूयास पोर का म्या उचलू?”

दादानं राणीला उचललं. एवढंच घडलं. मी ते चमत्कार म्हणून सांगत नाही. पण इतका वेळ कुणाला न हलवता आलेला माणूस त्या एका वाक्यानं हलला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

तिच्या नवऱ्यानं टेम्पो नसरापूरवरून थेट पुण्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नेला आणि चहालाही न थांबता परत वळवला. राणीला न्यूमोनिया झाला होता. आणखी उशीर झाला असता तर हाती काही राहिलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. राणी जगली. पण तिच्या डाव्या डोळ्यात फूल पडलं. उजव्या डोळ्यानं तिला दिसतं, डाव्यानं नाही, आणि ते परत येणार नाही. वॉर्डाच्या व्हरांड्यात वहिनी मला म्हणाली, “वन्सं, सोम्याचं टोचल्यानं झालं म्हणत्यात. हिचं न टोचल्यानं झालं. मग म्या करायचं तरी काय हुतं?” मी तिला मिठी मारली. आजही मला ते वाक्य आठवलं की हातातलं काम थांबतं.

त्या बाईचा सांगावा आला नाही. मी वरव्यापर्यंत, नसरापूरपर्यंत चौकशी केली. टेम्पो कुणाचा, माणसं कुठली, कुणाला सांगता आलं नाही. गुरव म्हणाला, दिवेलागणीपर्यंत बाई बसलेली होती, मग दिसली नाही, कळ्या सकाळच्या पूजेला त्यानंच काढल्या. आईनं काय उत्तर दिलं ते मला ठाऊक नाही. मी आता विचारतही नाही. शरण जाणं म्हणजे उत्तराची वाट बघत बसणं, असं मी समजत होते. त्या बाईनं वाट बघायचं काम स्वतःच्या अंगावर घेतलं आणि आम्हाला मोकळं केलं. आईची कृपा मला तेवढी दिसली, आणि तेवढ्यासाठी मी मंगळवारी अजून हात जोडते. दुःख गेलेलं नाही. सोम्या बोलत नाही. पण दादा आता त्याला नदीवर नेतो, पाण्यात पाय सोडून दोघं बसतात.

वाचणाऱ्या, तुझ्याकडं माझं मागणं आहे, आणि ते मी हात जोडून नाही, खडसावून मागते. तुझ्या घरात गोवराची सुई राहिलेलं पोर असेल तर येत्या टोचणीला त्याला उचल आणि घेऊन जा. आणि तुझ्या आळीत न बोलणारं लेकरू असेल तर त्याच्या आईला पाणवठ्यावर गाठून ‘कुठली सुई दिली होतीस’ म्हणून पुन्हा कधी विचारू नकोस. तिच्या दारी जा, तिची घागर उतरव, आणि त्या लेकराला त्याच्या नावानं हाक मार.