परसदारचे संडास

न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेत नळाचं पाणी उकळून, वर फडक्याने गाळून पिणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. श्रीरंग काळे आमचे शेजारी, रस्ते बांधणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. काळजी करण्यात मात्र डॉक्टरेट! एकदा अमेरिकेत आले ते आले. विमानाच्या धास्तीने आईच्या आजारपणातही पुण्याला गेले नाहीत.

त्यांची मुलगी प्रतिमा इथेच जन्मलेली, नर्स. १९८५ साली ती आफ्रिकेत, मलावीतल्या एका खेड्यात कामाला गेली. तिथे विहीर होती, संडास नव्हते. "बाबा, यू आर ॲन इंजिनिअर. डू समथिंग!" तिने कळवलं. लेकीचा शब्द तो! श्रीरंगरावांनी घाईघाईने आराखडा काढून पाठवला. गावाने खपून खड्डे खणले, संडास बांधले. आम्हाला पेढे मिळाले.

मग प्रतिमाने फोटो पाठवले. ते बघता बघता श्रीरंगरावांचा चेहरा उतरला. प्रत्येक घराचा संडास मागे, परसदारी, आपल्याकडे असतो तसा. सवयीने त्यांनी तसाच काढला होता. जमिनीचा उतार कुठे, हे विचारलंच नव्हतं. उतार नेमका मागच्या बाजूला होता आणि तळाशी विहीर.

"पाऊस सुरू झाला की सगळं झिरपून विहिरीत उतरणार हो," ते मला म्हणाले.

"अहो, मग फोन करा की!" मी चिडलोच.

गावात फोन नव्हता. लांबच्या एका मिशनमध्ये होता, तिथे निरोप ठेवला. त्यांच्या पत्नी नीलावहिनी फोनजवळून हलेनात. आणि हे खिडकीतून सारखे आभाळ बघायचे. न्यू जर्सीचं आभाळ! मला हसू यायचं आणि भीतीही वाटायची.

शेवटी फोन आला तेव्हा मी तिथेच होतो.

"प्रतिमा, ते पाणी उकळल्याशिवाय पिऊ नकोस! थेंबसुद्धा नको. चुकलं माझं." संडासांचं सगळं त्यांनी एका दमात सांगितलं.

तिचं बोलणं मलाही ऐकू आलं. "ओके, बाबा. अँड द किड्स हिअर? व्हॉट डू दे ड्रिंक?"

इतके दिवस आम्ही सगळे एकाच पोरीची काळजी करत होतो. मला माझीच लाज वाटली.

"सगळ्यांना उकळून प्यायला सांग," ते म्हणाले. "'चूक माझ्या बाबांची आहे' म्हणून सांग. आणि ते खड्डे बुजवायला मी येतोय."

फोन ठेवून त्यांनी वहिनींना बॅग काढायला सांगितली. मग विमानाचं तिकीट कुठे मिळेल, ते मला विचारलं.