कवचासकट

त्या दिवशी तपासणीचा अहवाल हातात आला आणि माझी श्रद्धा डळमळली. क्रिएटिनिन एक पूर्णांक दोनवरून एक पूर्णांक नऊवर गेलं होतं. ज्यांच्या घरी हा आजार नाही त्यांना या आकड्यांत काही दिसणार नाही. मूत्रपिंड रक्त कितपत साफ करतं आहे हे तो आकडा सांगतो. तो चढला की समजावं, मूत्रपिंड थकत चाललं. आणि माझ्या पोटात काम करणारं मूत्रपिंड माझं नव्हतं. माझी दोन्ही निकामी झाल्यावर माझ्या थोरल्या बहिणीनं, ताईनं, तिचं एक मला दिलं होतं. ताई जळगाव जामोदजवळच्या खेड्यात शेती करते. माझं स्वतःचं काही गेलं असतं तर प्रारब्ध म्हणून मी गप्प बसलो असतो. तिनं दिलेलं माझ्याकडून जातंय, हे मात्र सोसवत नव्हतं.

मी बुलढाण्यात मोजणी खात्यात नोकरी करतो. आकड्यात चूक राहिली की मला चैन पडत नाही, हा स्वभाव नोकरीच्या आधीपासूनचा आहे. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरची सगळी पथ्यं मी काटेकोर पाळली. पाणी उकळलेलं, बाहेरचं खाणं बंद, तोंडाला मास्क. शेजारीपाजारी प्रेमानं गुळवेलीचा काढा आणून द्यायचे, त्यांना हात जोडून परत पाठवायचो. सगळ्यांना आपली प्रतिकारशक्ती वाढवायची असते, माझी मात्र दाबून ठेवायची होती, नाहीतर शरीर ताईच्या मूत्रपिंडाला परकं समजून त्यावर तुटून पडलं असतं. त्यासाठी टॅक्रोलिमस नावाच्या औषधाच्या कॅप्सूल सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी घ्यायच्या. त्यात मी एकदाही चुकलो नव्हतो. रक्तातली त्या औषधाची पातळी सहा ते आठच्या दरम्यान राहायला हवी होती. अहवालात ती साडेतीनही नव्हती.

“विसरता का? उलटी, जुलाब? काही काढा, दुसरी औषधं?” डॉक्टरांनी फोनवर एकेक विचारलं. प्रत्येकाला मी नाही म्हणालो आणि ते खरं होतं. ते म्हणाले, “मग उद्या या. परवा सकाळी औषध न घेता रक्त देऊ, गरज पडली तर बायोप्सी करू. बहुधा डोस वाढवावा लागेल.”

फोन ठेवला आणि देवघरातल्या बालाजीच्या तसबिरीकडे पाहून पहिल्यांदा मला राग आला. गळ्यात तुळशीची माळ आहे, एकादशी सोडली नाही, औषध सोडलं नाही. आणखी काय पाळायचं राहिलं होतं? माझे डॉक्टर छत्रपती संभाजीनगरला असतात. तिथं जायला मला दुसरा रस्ता जवळचा पडतो. तरी दुसऱ्या दिवशी मी चिखलीवरून देऊळगाव राजाची एसटी धरली. आधी बालाजीपुढे उभं राहून विचारायचं आणि मग पुढं जायचं, असं मनाशी पक्कं केलं होतं.

गाडी चिखलीच्या पुढं टायरसाठी थांबली आणि बराच उशीर झाला. मंदिराच्या धर्मशाळेत बसून औषध घ्यायचं ठरवलं होतं, पण वेळ गाडीतच झाली. मी पिशवीतून स्टीलची छोटी वाटी काढली, मांडीवर रुमाल पसरला आणि घरी करायचो तसं केलं. कॅप्सूलची दोन्ही टोकं धरून ती उघडली, आतली पूड वाटीत झटकली, रिकामं कवच कागदात गुंडाळून ठेवलं.

हे असं का, ते सांगायला हवं. श्रावणात आमच्या भजनी मंडळातले एक जुने गृहस्थ घरी आले होते. माझी औषधं पाहून ते म्हणाले, “हे टरफल काह्याचं असते, ठाऊक हाय का तुमाले? जनावराच्या हाडाचं.” मी औषधाच्या दुकानात खात्री करून घेतली. खरं होतं. माळ घातलेल्या माणसानं ते रोज दोनदा गिळायचं, हे मनाला पटेना. बायकोशी बोललो. दोघांचाही हिशोब एकच निघाला: औषध आत आहे, कवच बाहेर. कवच काढलं तरी मिलिग्रॅम तेवढेच राहतात. म्हणून मी पूड पाण्यात कालवून घेऊ लागलो. यात मी औषध चुकवतो आहे असं कधी मनातही आलं नाही, म्हणून डॉक्टरांनाही सांगावंसं वाटलं नाही.

तेवढ्यात गाडी सुरू झाली आणि खिडकीतून वारा आत आला. शेजारच्या बाईंनी पटकन माझ्या वाटीवर हात धरला. जालन्याच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवतात, हे नंतर कळलं. चाळिशीच्या असाव्यात.

“भाऊ, थांबा. अर्धं तर वाऱ्यानं नेलं,” त्या म्हणाल्या. मग कागदातलं कवच आणि त्यावरची अक्षरं पाहून त्यांचा चेहरा बदलला. “हे तर किडनी बदललेल्यांचं औषध. काऊन फोडता हो?”

मी माळेचं सांगितलं.

“घरीही असंच घेता?”

“घरी वारा नसतो.”

“बोटं तर असतात ना,” त्या म्हणाल्या आणि माझी बोटं मलाच दाखवली. चिमटीला पांढरी पूड चिकटली होती. वाटीच्या कडेला होती, कवचाच्या आतही राहिली होती. “मोजा बरं आता किती पोटात जातं ते.”

मला मोजता आलं नाही. आयुष्यभर मोजण्याचं काम केलेल्या माणसानं हे धरलंच नव्हतं.

ही पूड नाकात जाणंही चांगलं नाही, असं सांगून त्यांनी वाटी झाकायला लावली; उरलेली पूड मी पाण्यात कालवून पिऊन टाकली. मग देऊळगाव राजा येईपर्यंत त्या मला हे औषध शरीरात काय करतं ते सांगत राहिल्या. रक्तात काही पांढऱ्या पेशी पहारा करत असतात. परकं काही दिसलं की त्यांच्या आत निरोपांची एक साखळी सुरू होते. त्या साखळीत कॅल्सिन्युरिन नावाचं एक प्रथिन आहे. ते दुसऱ्या एका प्रथिनाला अडकवून ठेवणारी फॉस्फेटची खूण काढतं. मोकळं झालेलं ते प्रथिन पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि फौज गोळा करायचा हुकूम निघतो. टॅक्रोलिमस एकटं यातलं काहीच थांबवू शकत नाही. ते आधी पेशीतल्याच दुसऱ्या एका लहानशा प्रथिनाला जाऊन चिकटतं, आणि मग ती जोडी मिळून कॅल्सिन्युरिनवर बसते. त्यानंतर खूण निघत नाही आणि हुकूमही निघत नाही.

“म्हणजे पहारेकरी मरतो?” मी विचारलं.

“नाही. जागाच असतो. फक्त हल्ल्याचा निरोप पुढं जात नाही. औषध कमी पडलं की जोड्या कमी बनतात. ज्या कॅल्सिन्युरिनवर कुणी बसलं नाही, ते आपलं काम करत राहतं. तुमच्या पोटात सध्या तेच होत असणार.”

“पण माळेचं काय करू?” मी म्हणालो.

“ते मी कशी सांगू? मी विहारात जाणारी. तुमच्या माळेचा निवाडा माझ्याकडं नाही. किडनी कोणी दिली?”

“थोरल्या बहिणीनं.”

“मग तिलाच विचारा की.”

देऊळगाव राजाच्या स्टँडवर त्या माझ्यासोबत उतरल्या. माझ्याकडून आधी डॉक्टरांना फोन करवून घेतला आणि जालन्याची दुसरी गाडी आली तशा तिच्यात बसून गेल्या. नाव विचारायचं राहून गेलं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मी सगळं विचारलं, हे विचारायचं मला सुचलं नाही.” डोस वाढवायचं त्यांनी तिथंच थांबवलं. वाढवलेल्या डोसच्या कॅप्सूल मी पुढं कधी अख्ख्या गिळल्या असत्या, तर त्याच औषधानं मूत्रपिंडाला इजा केली असती. आत्ता दुसरी कॅप्सूल घेऊ नका, संध्याकाळची वेळेवर अख्खी घ्या आणि आजच भरती व्हा, असं त्यांनी सांगितलं.

मग ताईला फोन लावला. ती शेतात होती. मी सगळं सांगितलं.

“बाबू, मले एक सांग,” ती म्हणाली. “माही किडनी पोटात ठेवून घेतली, तवा माळ काढून ठेवली होती का?”

“नाही.”

“मंग? ते काय वांगं होतं का बे?”

ती तशीच पुढं बोलत राहिली.

“मी देवाचं नाव घेऊन देली, तू देवाचं नाव घेऊन घेतली. आता मधात हे सोवळं काऊन आणून राह्यला? गिळ मुकाट्यानं. माही वस्तू हाय ते.”

फोन ठेवून मी मंदिरात गेलो. जाब विचारायचा म्हणून निघालो होतो, पण मूर्तीपुढं उभा राहिलो तेव्हा विचारायला काही उरलं नव्हतं. तीर्थ तळहातावर घेतलं. बाहेरचं पाणी प्यायचं नाही म्हणून डोळ्यांना लावलं. पूर्वी अशा वेळी काहीतरी चुकवल्यासारखं वाटायचं, त्या दिवशी वाटलं नाही. मनात एकच वाक्य होतं: हे मूत्रपिंड जाऊ द्यायचं नाही, आणि त्यासाठी जे गिळावं लागेल ते गिळायचं. संध्याकाळी रुग्णालयाच्या खाटेवर बसून मी बालाजीचं नाव घेतलं आणि कॅप्सूल कवचासकट गिळली. काही वाटलं नाही. पाणी प्यायलो, आडवा झालो.

बायोप्सीत शरीरानं हल्ला सुरू केल्याचं दिसलं, पण सुरुवातच होती. शिरेतून स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली. क्रिएटिनिन हळूहळू उतरलं आणि एक पूर्णांक चारवर थांबलं. पूर्वीचा एक पूर्णांक दोन पुन्हा आला नाही, हेही लिहिलं पाहिजे. माझ्या अती शुद्धतेनं ताईच्या देण्यातला तेवढा भाग नेला. बाकीचं वाचलं. झाडपाल्याच्या कवचातलं असंच औषध शोधता येईल, पण कंपनी बदलली की पातळी हलू शकते, असं डॉक्टर म्हणाले. मी नको म्हटलं.

त्या बाईंना बालाजीनं पाठवलं, असं मी कुणाला पटवत नाही. त्यांना स्वतःलाही ते पटणार नाही. मला एवढंच माहीत आहे की घरात दाराआड रोज चालणारी चूक त्या दिवशी उघड्या खिडकीपाशी आली आणि ती ओळखणारं माणूस शेजारी बसलं होतं. त्या दोघांचे, म्हणजे बाईंचे आणि त्या सावळ्या देवाचे, उपकार मी वेगवेगळे करू शकत नाही.

शरण जाणं म्हणजे आपलं सगळं पाळणं अधिक कडक करणं, असं मी समजत होतो. त्यात ‘मी शुद्ध’ हे तसंच शिल्लक राहत होतं. आता वाटतं, दिलेलं जसं आलं तसं घेणं हेच अवघड आहे. आणि ते एकदा करून भागत नाही. पहारेकरी मरत नाही, जागाच असतो. म्हणून सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, जिवात जीव असेपर्यंत, नाव घेऊन गिळावं लागतं.

दिवाळीत भाऊबीजेला ताई आली. ओवाळून झाल्यावर तिनं माझ्या पोटावर उजवीकडं, जिथं ते मूत्रपिंड बसवलं आहे तिथं, सदऱ्यावरूनच हात ठेवला.

“कशी हाय माही?”

“बरी आहे,” मी म्हणालो. “तुझीच आहे.”

“असू दे तुह्यापाशीच,” ती म्हणाली आणि फराळाचं ताट पुढं सरकवलं.