नैऋत्येचा दगड

औसेपच्चनने आयुष्यात कधी कोणाला रस्ता विचारला नव्हता. मीनच्चिल नदीकाठी, रबराच्या डोंगरात तो वाढला. तिथे एक झाड दुसऱ्यासारखं आणि एक पायवाट दुसरीसारखी, पण हा नाकासमोर चालत बरोबर घरी यायचा. डोळ्यांवर फडकं बांधून सोडला तरी उंबऱ्यावर येऊन उभा राहील, असं त्याची आई, म्हणजे अम्मच्ची, चारचौघांत सांगायची. हाच माणूस मेलबर्नला आला आणि पहिल्या दोन वर्षांत इतका हरवला, की आपण हरवलो आहोत हेही त्याच्या ध्यानात आलं नाही. बायको मॉलीकुट्टी इस्पितळात नर्स. तिच्या नोकरीच्या मागे ही वरात इकडे आलेली. त्याला पावाच्या कारखान्यात काम मिळालं. कारखान्याला खिडक्या नव्हत्या, आणि गाडीत फोनमधली बाई डावीकडे वळा, उजवीकडे वळा असं सांगत असायची. दिशांचं काही काम पडत नव्हतं.

मग चर्चमधल्या सगळ्यांनी घरं घेतली, तेव्हा यांनीही घ्यायचं ठरवलं. कोणीतरी म्हणालं, घर-जमीन पॅकेज घ्या. पॅकेज म्हणजे औसेपच्चनला वेलांकनीच्या यात्रेचं ठाऊक. बस, दोन वेळचं जेवण आणि परतीचा प्रवास. इथे परतीचा प्रवास नव्हता, एवढं त्याला कळलं. बाकीचं कळायला तो आणि मॉलीकुट्टी एका रविवारी नमुन्याचं घर बघायला गेले.

घर बघून दोघांचे डोळे दिपले. ओट्यावर लिंबं ठेवली होती, ती प्लास्टिकची निघाली. भिंतीवरचा टीव्ही पुठ्ठ्याचा निघाला. त्याचं काही नाही, पण मग विकणारा पोरगा घरभर फिरत गोड आवाजात सांगू लागला, की हा नळ वेगळा पडेल, ही फरशी वेगळी, छताची उंची वेगळी, आणि दारांच्या मुठीसुद्धा वेगळ्या पडतील. औसेपच्चनने विचारलं, "मग यातलं आमचं काय?" पोराने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "आकार."

जमीन बघायला कधी जायचं, यावर पोरगा म्हणाला, जमीन अजून यायची आहे. औसेपच्चनने बायकोकडे पाहिलं. इंग्रजी तिचं चांगलं. पण तिनेही खांदे उडवले. जमीन कुठून येणार? बोटीने? शेवटी पोराने खिडकीतून कुंपणापलीकडे बोट दाखवलं. तिथे चार गाई चरत होत्या. या गाई जातील, रस्ते येतील, सरकारी कागद होतील, मग जमीन आली असं म्हणायचं. दोघांनी सह्या केल्या. परतताना गाडीत त्यांचं जोरदार भांडण झालं, प्रार्थनेची तसबीर कुठल्या भिंतीला लावायची यावरून. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, दुसरं काय!

अम्मच्चीला फोनवर बातमी सांगितली, तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, "दगड कधी बसवणार?"

त्यांच्याकडे घर बांधायचं म्हणजे आधी दगड बसवायचा. फादरने आशीर्वाद दिलेला दगड जमिनीच्या नैऋत्य कोपऱ्यात, कन्नीमूलेत पुरायचा, आणि मगच पाया. औसेपच्चनने समजावलं, की इथे पायाच नसतो, सिमेंटचा जाड थर ओततात आणि वर लाकडाचा सांगाडा उभा करतात. अम्मच्चीने ऐकून घेतलं. तिचा नवरा जाऊन आठ वर्षं झाली होती, मोठ्या घरात ती एकटी होती, गेल्या पावसाळ्यात न्हाणीत पाय घसरून अर्धा दिवस तशीच पडली होती. तिने मुलाकडे यावं म्हणून मुलगा रोज जीव टाकत होता.

"दगडाशिवायचं घर म्हणजे पेटी," ती म्हणाली. "पेटीत मला एकदाच जायचंय, आणि ते इथे, तुझ्या अप्पच्चनच्या शेजारी. दगड बसव, मी येते."

झालं. सगळं येऊन त्या दगडावर अडलं. नाताळात औसेपच्चन गावी गेला, तेव्हा अम्मच्चीने परसातून जांभ्याचा एक तुकडा काढून दिला. अप्पच्चनने घर बांधलं तेव्हाचा उरलेला चिरा. तिने तो काथ्याने घासघासून धुतला, मातीचा कण राहिला तर विमानतळावर अडवतील म्हणून. अडवलंच. तपासणाऱ्या बाईने तो पिशवीतून काढला, उलटापालटा केला आणि विचारलं, हे खायचं आहे का? नाही, घर बांधायचं आहे, औसेपच्चन म्हणाला. बाईने पिशवीत पुन्हा डोकावून पाहिलं, बाकीचे दगड कुठे आहेत म्हणून. मग सोडलं.

तिथला उन्हाळा सरता सरता, फेब्रुवारीत, जमीन आली. फादरने चर्चमधली मिस्सा-प्रार्थना झाल्यावर गाडीच्या डिकीतच दगडावर पवित्र पाणी शिंपडलं. मॉलीकुट्टीची ड्यूटी होती, म्हणून औसेपच्चन कुदळ घेऊन एकटाच निघाला. तसं तिथे शिरायला परवानगी नव्हती. जमीन आपली, पैसे आपले, पण बांधणाऱ्याने काम हातात घेतलं की हातात चावी पडेपर्यंत आपणच परके. तो कायदा त्याला शेवटपर्यंत उमगला नाही, म्हणून त्याने तो मोडला.

गाई गेल्या होत्या. एक सरळ नवा रस्ता, दोन्ही टोकांना सारख्याच आडव्या गल्ल्या, आणि मध्ये ओळीने उघडे प्लॉट. खुंट्यांवरचे आकडे पावसाने धुऊन गेलेले. नकाशात त्यांचा प्लॉट दक्षिणेकडून दुसरा. आता दक्षिण कुठली हे औसेपच्चनला कोणी शिकवायला नको होतं. भर दुपार होती. जानेवारी-फेब्रुवारीत भर दुपारी सूर्य ज्या बाजूला कललेला असतो ती दक्षिण, हे तो आईच्या पोटातून शिकून आला होता. त्याने नकाशा फिरवून उन्हाकडे केला, त्या टोकापासून दुसरा प्लॉट धरला, सूर्याकडे तोंड करून उजव्या हाताचा कोपरा पकडला आणि खणायला लागला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याला आपण कुठे उभे आहोत हे नक्की ठाऊक होतं, आणि त्या आनंदात त्याचे डोळे भरून आले.

फोनच्या पडद्यावर अम्मच्ची होती, पहिली मिस्सा आटोपून आलेली, चट्टा-मुंडू या तिच्या नेहमीच्या पांढऱ्या पोशाखाचा शुभ्र पदर खांद्यावर. तिने प्रार्थना म्हटली. "कन्नीमूलाच ना रे?" तिने विचारलं. त्याने फोन आकाशाकडे फिरवून सूर्य दाखवला. ती समाधानाने हसली, आणि तिकिटाचं बघ म्हणाली.

पुढे सहा महिने तो तिकडे फिरकला नाही. चोरी पकडली जाईल ही धास्ती. मग एका दुपारी कारखान्यात फोनवर बांधणाऱ्या कंपनीचा संदेश आला. अभिनंदन, तुमचं घर लॉकअपला पोचलं आहे. औसेपच्चनची पाचावर धारण बसली. गावाकडे लॉकअप एकच, पोलीस चौकीतलं. रेल्वे फाटकाशी दारू पिऊन झोपलेला त्याचा चुलतभाऊ एकदा तिथे एक दिवस राहून आला होता. त्याने मॉलीकुट्टीला फोन लावला.

"अगं, आपलं घर लॉकअपमध्ये गेलंय."

"काय केलं त्याने?" ती वॉर्डातून कुजबुजली.

"त्याने नाही, मी. दगड पुरलेला कळलं वाटतं."

"अहो इच्चाया, घराला कोणी आत टाकतं का?" ती म्हणाली, पण तिच्याही आवाजात जोर नव्हता. या देशात काय होईल ते सांगता येत नाही, असं दोघांचं एकमत होतं. अभिनंदन कशाचं, तेही कळेना.

तो कबुलीजबाब मनात घोळवत साइटवर गेला. देखरेख करणारा ग्लेन नावाचा आडदांड माणूस हसतमुखाने पुढे आला, आणि दारं-खिडक्या बसून घराला कुलूप लावता येऊ लागलं की त्याला लॉकअप म्हणतात, हे त्याने सहज बोलण्यात सांगून टाकलं. औसेपच्चनचा जीव भांड्यात पडला. पण मग ग्लेन उलट्या दिशेने चालू लागला. औसेपच्चनने त्याला थांबवलं, आमचं घर तिकडे आहे म्हणाला. ग्लेन म्हणाला, नाही, हे बघा तुमचं, तुमच्याच विटा, तुमचंच दार. औसेपच्चनने नकाशा काढला. दक्षिणेकडून दुसरं, आणि दक्षिण ही, त्याने सूर्याकडे हात केला. ग्लेनने सूर्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं, आणि कसं सांगावं या विचारात हेल्मेट काढून डोकं खाजवलं.

"मित्रा, इथे सूर्य उत्तरेला असतो," तो म्हणाला.

औसेपच्चन तिथेच मातीच्या ढिगावर बसला. वर सूर्य तोच, आणि तरी तो नव्हता. म्हणजे इतकी वर्षं अंगात बसलेलं सगळंच उलटं. दगड रस्त्याच्या पार दुसऱ्या टोकाला, कुणा अफगाण कुटुंबाच्या घराखाली, कन्नीमूलेच्या बरोबर विरुद्ध कोपऱ्यात, वर सिमेंटचा जाड थर. आता काढणार कसा आणि कोणाला काय सांगणार? त्याने मॉलीकुट्टीला सांगितलं. ती आधी खूप हसली, पण अम्मच्चीचं तिकीट काढून झालं होतं. तिला सांगू नका, मॉलीकुट्टी म्हणाली, दगड कुठे आहे ते जमिनीखाली कोण बघतंय?

अम्मच्ची आली. चट्टा-मुंडूवर मुलाचा जुना स्वेटर, बोचक्यात कप्पा, म्हणजे सुकवलेला साबुकंद, आणि कोकमासारखी कुडमपुळी. घरात शिरली, भिंतींवर बोटाने टकटक करून पाहिली, आणि पोकळ आवाज ऐकून हात मागे घेतला. दोन दिवस ती नीट जेवली नाही. खोलीत उशी एकदा या बाजूला ठेवायची, एकदा त्या. औसेपच्चनने विचारलं तर म्हणायची, काही नाही रे, उत्तरेकडे डोकं व्हायला नको. तिसऱ्या दिवशी दुपारी परसात आली आणि म्हणाली, दगड दाखव.

औसेपच्चनने तयारी केलीच होती. फोनवर दिशा बघून खरी नैऋत्य शोधून ठेवली होती. त्याने त्या कोपऱ्याकडे बोट केलं, इथे, भिंतीच्या खाली. पण खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात तो असा. अम्मच्चीने कपाळावर हात आडवा धरून सूर्य पाहिला, पायांवर हळूहळू फिरली आणि मान हलवली.

"ही कन्नीमूला नव्हे. ऊन तिकडे आहे, म्हणजे दक्षिण तिकडे. कन्नीमूला तो कोपरा." तिने नेमकं उलट्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "तुला फोनवर पाहिलं तेव्हा तर बरोबर खणत होतास."

"अम्मच्ची, इथे सूर्य उत्तरेकडून जातो."

ती त्याच्याकडे बघत राहिली. वेडा झालास का, असं म्हणेल असं त्याला वाटलं. पण तिचा चेहरा एकदम लहान झाला. तिने कुंपणाला धरलं.

"दोन दिवस मला हेच कळत नव्हतं," ती हळू म्हणाली. "सकाळी ऊन खिडकीत येतं, दुपारी भलत्याच भिंतीवर. मला वाटलं, म्हातारी झाले, डोकं फिरलं. कोणाला सांगू? मला घरी पाठव, औसेप. सूर्यच जिथे ओळखीचा नाही, तिथे मी काय करू?"

तेव्हा त्याला खोटं पेलवेना. त्याने सगळं सांगितलं. नकाशा, उलटा धरलेला सूर्य, दुसऱ्या टोकाचं घर, सिमेंटखाली गेलेला अप्पच्चनचा चिरा. लहानपणी कधी रडला नव्हता इतका तो तिच्यासमोर रडला. दगड नाही, या घराला दगडच नाही, तो म्हणाला, तुला जायचं असेल तर जा.

अम्मच्चीने कुंपण सोडलं. मग तिने विचारलं, त्या घरात कोण राहतं. त्याने सांगितलं, नवरा-बायको, तीन पोरं, एक म्हातारी. म्हातारी माझ्याएवढी? असेल, तो म्हणाला. ती हुंकारली.

"म्हणजे तूसुद्धा चुकलास," ती म्हणाली. "डोळ्यांवर फडकं बांधलं तरी घरी येणारा तू."

"हो."

"मग ठीक आहे. मला वाटलं, मी एकटीच हरवलेय." तिने पदराने आधी त्याचे डोळे पुसले, मग आपले. "पण आता शिकव मला. आपलं घर कुठल्या बाजूला? तुझ्या अप्पच्चनसाठी प्रार्थना म्हणायची तर तोंड कुठे करू?"

औसेपच्चनचा हात सवयीने पाठीमागे गेला. तो थांबला. त्याने मनातल्या मनात सूर्य उलटा केला, उगवती उजव्या हाताला घेतली, पुन्हा एकदा तपासलं. मग आईच्या खांद्यांना धरून तिला हलकेच फिरवलं.

"उन्हाकडे तोंड कर, अम्मच्ची," तो म्हणाला. "घर समोरच आहे. जरासं डाव्या हाताला."

ती डोळे किलकिले करून तशीच उभी राहिली, आणि ओठांत प्रार्थना पुटपुटू लागली. संध्याकाळी तिने कप्पा उकडला, एका ताटलीत काढून वर ताटली झाकली आणि रस्त्याच्या दुसऱ्या टोकाच्या घरी घेऊन गेली. निघण्याआधी तिने मुलाला रस्ता विचारून घेतला होता.